झोळ्यांचा वर्ग

माझी भाची यंदा पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात गेली. सुटीत घरी आली तेव्हा जेवताना तिने सगळ्यांसमोर विचारले, "आत्या, तू इतकी वर्षे बिगारीचा वर्ग सांभाळलास. पोरींना गप्प कशी बसवायचीस गं?" पंगतीला भाऊ होता, दुकानातले दोघे दिवाणजी होते. मी म्हटले, "बसायच्या आपल्या," आणि ताकाचे भांडे आणायच्या निमित्ताने आत गेले. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. तेव्हाही फुटत नव्हता. म्हणून हे लिहून ठेवते आहे. तिला वाचायला द्यायचे की नाही, ते पुढे बघू.

माझे शिक्षण मराठी चौथीपर्यंत. तेही मोडनिंबला, मुलांच्या शाळेत, दाराशी वेगळे पोते टाकून बसून. पुढे लग्न झाले आणि थोड्याच वर्षांत ते गेले. भावाने मला सोलापूरला नवी पेठेत आपल्या घरी आणले. खाली कापडाचे दुकान, वर आम्ही. गिरणीच्या चाळींजवळ मुलींची एक शाळा होती. तिथल्या मुख्य बाई, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, आमच्याकडे लुगडी घ्यायला यायच्या. त्यांना बिगारीसाठी कुणी मिळत नव्हते. शिकलेल्या बाया त्या वस्तीत यायला तयार नव्हत्या. त्यांनी भावाला विचारले. भाऊ हसला. "आमची नीला? तिला शिंक आली तरी ती आत जाऊन शिंकते. ती काय शिकवणार?"

मोठ्या बाई म्हणाल्या, "लहान मुलांशी बोलायला लाजायचं काय कारण?"

हे ज्यांनी बिगारी शिकवली नाही त्यांचे बोलणे. मोठ्या बाई चौथी शिकवत.

बिगारी म्हणजे पहिलीच्या आधीचा वर्ग. मुळाक्षरे, बाराखडी, शंभरपर्यंत अंक, आणि मुख्य म्हणजे एका जागी बसणे. हे शेवटचे शिकवायला सगळ्यात जास्त दिवस लागतात. माझ्या वर्गात पाच वर्षांच्याही पोरी होत्या आणि नऊ वर्षांच्याही. बहुतेक विणकरांच्या, घरी तेलगू बोलणाऱ्या. काही घरांत दखनी. माझ्या घरी कानडी. शिकवायचे मराठी. पहिल्या दिवशी मी "बसा" म्हटले, ते माझे मलाच ऐकू आले नाही. दोघी खिडकीवर चढल्या, एकीने दुसरीला चावा घेतला, आणि मागच्या रांगेतल्या पोरी शांतपणे आपापल्या शिदोऱ्या सोडून जेवायला बसल्या. मी फळ्याकडे तोंड करून "अ" काढला आणि तो पुन्हा पुन्हा गिरवत राहिले, कारण मागे वळून बघायचा धीर होत नव्हता.

मला पहिली युक्ती शिकवली ती जनीने. जनी धनगराची. तिचा बाप सांगोल्याकडून येऊन घोंगड्यांच्या वखारीत राहिला होता. रस्त्यावरून शेरडे गेली की ती न विचारता उठून दारात जाई, ती दिसेनाशी होईपर्यंत बघे आणि परत येऊन बसे. एकदा मी हाका मारून मारून दमले होते. ती माझ्याकडे बघत होती, दया आल्यासारखी. म्हणाली, "बाई, मागनं वरडून मेंढरं वळत न्हाईत."

"मग कशी वळतात?"

"म्होरं जाऊन उबं ऱ्हायाचं. गप. ती बगत्यात मग."

आणि तिने जीभ टाळूला लावून ट्रर्र असा आवाज काढला. सगळा वर्ग वळून बघायला लागला. पोरींना ते इतके आवडले की त्यांनी एकसुरात "बॅंऽऽ" केले. नेमक्या तेव्हा मोठ्या बाई दारात.

"नीलाबाई, हे काय चाललं आहे?"

जनीनेच सांगितले, "मेंढरं मोजाया लागलोय."

पण पुढे जाऊन गप्प उभे राहायचे, हे मी तिच्याकडूनच घेतले. दुसरे आपोआप सापडले. पडशाने माझा घसा बसला. गोष्ट कुजबुजत सांगावी लागली, तेव्हा पोरी बसल्या जागेवरून सरकत सरकत माझ्या पायापर्यंत आल्या. तेव्हापासून मी आवाज वाढवायचा सोडून कमी करत गेले. चावणाऱ्या पोरीला पाट्या पुसायचे काम दिले. तिचे दात थांबले ते कायमचे नाही, पण पुष्कळ थांबले. छडी मोठ्या बाईंनी दिली होती. ती मी खिडकीच्या झडपेला अडसर म्हणून लावली.

आता नरसव्वाचे लिहिते. हे सगळे खरे तर तिच्यासाठीच लिहायला घेतले आहे.

नरसव्वा वर्गात मोठी, आठ-नऊ वर्षांची. बाप नव्हता. आई पोचम्मा गिरणीत रिळावर सूत गुंडाळायच्या कामाला. घरी आजी होती तोवर नरसव्वा रोज येई. आजी वारली आणि तिचे येणे बंद झाले. मग एक दिवस मी बाराखडी म्हणवून घेत होते आणि "क ला काना" म्हटले की "का" खिडकीबाहेरून येत होता, सगळ्यांच्या आधी. बाहेर जाऊन बघितले तर नरसव्वा, कडेवर धाकटा भाऊ.

"आत ये की," मी म्हटले.

"हा हाय की, बाई. सायलू. ह्याला कुटं ठिवू?"

"त्यालाही घेऊन ये."

हे मी कुणाला विचारून म्हटले नव्हते. तोंडातून गेले. नरसव्वा आत आली ती भिंतीला पाठ लावून बसली आणि सायलू तिच्या मांडीवर झोपला. दुसऱ्या दिवशी ती आईचे जुने लुगडे घेऊन आली. खिडकीच्या गजाला आणि खुंटीला बांधून तिने झोळी केली. आठवडाभरात आणखी झोळ्या आल्या. ज्या पोरी घरी भावंडे राखायची म्हणून येत नव्हत्या, त्या भावंडांसकट येऊ लागल्या. माझा वर्ग भरला. छताच्या वाशांना दोऱ्या, दोऱ्यांना झोळ्या, आणि खाली पाट्या घेऊन बसलेल्या पोरी.

सायलू पहिले काही दिवस गाठोड्यासारखा पडून असायचा. सकाळी ठेवला की दुपारच्या भोंग्यापर्यंत हूं नाही की चूं नाही. मी कौतुकाने म्हटले, "किती शहाणं बाळ आहे गं!"

पोरी हसायला लागल्या. चावरी म्हणाली, "शाना न्हाय बाई, गोळी हाय."

आमच्याकडे ज्यांचा गिरणीशी संबंध नाही, त्यांना हे सांगायला हवे. आया पहाटेच्या भोंग्याला कामावर जात. लेकरू घरी. ते दिवसभर रडू नये म्हणून त्याला मोहरीएवढी अफूची गोळी दुधातून देत. त्यात कुणाला काही वावगे वाटत नसे. आजी द्यायची, आई द्यायची, पोरीही द्यायला शिकलेल्या असत. दूध पाजावे, तीट लावावी, तशी गोळी द्यावी.

मी पोरींना म्हटले, "वर्गात आणायचं तर गोळी द्यायची नाही."

"मग रडतंय की, बाई."

"रडू दे. मी बघते."

त्या कबूल झाल्या, आणि माझा वर्ग सोलापुरातला सगळ्यात गोंगाटाचा वर्ग झाला. पण तो गोंगाट कामाचा होता, हे मला अजून वाटते. पोरी झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधत आणि हाताने पाटीवर अक्षरे काढत. बाराखडीला मी अंगाईची चाल लावली. क ला काना का, झोळी तिकडे, कि, झोळी इकडे. एखादे रडायला लागले की त्या रांगेने लिहायचे थांबवून मोठ्याने म्हणायचे, बाकीच्यांनी लिहीत राहायचे. खोडकर पोरीला एक झोळी सोपवली की ती तासभर तरी माणसात येई. मोठ्या बाई दारावरून जाताना मान दुसरीकडे वळवून जात. ती त्यांची परवानगी, असे मी समजले.

पोचम्मा एकदा दुपारच्या सुटीत दाराशी येऊन उभी राहिली. केसांत कापसाचे तूस. नरसव्वाने पाटीवर काहीतरी लिहून तिच्यापुढे धरले.

"ह्ये काय?" पोचम्माने विचारले.

"तू," नरसव्वा म्हणाली. तिने आईचे नाव लिहिले होते.

पोचम्माने बोट पुढे नेले, पण अक्षर पुसेल म्हणून टेकवले नाही. मला म्हणाली, "बाई, ही पयलीत जानार का? तिची चुलती लई मागं लागलीया, विड्या वळाया पाटव म्हनून. मी म्हनले, पयलीत गेली तर ऱ्हाऊ दे शाळंत. न्हाई गेली तर न्हे."

"जाईल," मी म्हटले.

आमच्याकडे पहिलीत घालणे माझ्या हाती नसे. वर्षातून एकदा दिपोटी यायचे, म्हणजे शाळा तपासणारे सरकारी साहेब. ते पोरींना विचारून बघत आणि मग ठरे. बिगारीचा वर्ग चालू ठेवायचा की नाही, तेही त्यांच्या शेऱ्यावर.

ते यायच्या आदल्या दिवशी मोठ्या बाईंनी मला बोलावले. "नीलाबाई, मी इतके महिने डोळे मिटून घेतले. उद्या मला एकही झोळी दिसता कामा नये. साहेब विचारतील, ही शाळा आहे की सुइणीचं घर? वर्ग बंद झाला तर या सगळ्या पोरी घरी बसतील."

त्यांचे खोटे नव्हते. मी पोरींना सांगितले, ज्यांना भावंड घरी ठेवता येईल त्यांनी एकटीने यावे, नाही तर उद्याचा दिवस येऊ नये. झोळ्या सोडून घड्या केल्या. नरसव्वा मागे राहिली.

"आन् मी?"

"आईला एक दिवस खाडा करायला सांग."

"खाडा केला की मुकादम काढून टाकतोय."

"शेजारी कुणी?"

"बगते मी," ती म्हणाली.

सकाळी ती एकटी आली. तेल लावून घट्ट वेणी, कुणाचे तरी परकर-पोलके, थोडे मोठेच. मी विचारले, "सायलू?"

"झोपलाय," ती म्हणाली. तेवढ्यात दाराशी टांगा थांबला.

दिपोटी वयस्कर होते. उपरणे, पगडी, सोनेरी काड्यांचा चष्मा. स्वभावाने गरीब. पोरी हाताची घडी घालून बसल्या होत्या. वर्गात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. कौलावर कावळा चालत होता तोही ऐकू येत होता. त्यांनी चार-पाच जणींना उठवले, मग नरसव्वाला. तिने नाव लिहिले. शंभरपर्यंत अंक म्हटले. बाराखडी म्हणायला सांगितली तर ती आमच्या चालीत म्हणू लागली आणि म्हणता म्हणता डुलू लागली.

"ही डुलते का?" साहेबांनी हसून विचारले.

मोठ्या बाई म्हणाल्या, "घोकायची सवय आहे."

त्यांनी तिला मागचे विचारले, पुढचे विचारले, उलटे विचारले. तिला सगळे येत होते. तिचा चेहरा तापल्यासारखा लाल झाला होता आणि ती आणखी विचारा अशी उभी होती. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "बिगारीचा इतका शिस्तीचा वर्ग मी पाहिला नाही, बाई. तुमची हातोटी काय?" मी खाली बघितले. त्यांना तो विनय वाटला.

टांगा गेला. पोरी ओरडत अंगणात पळाल्या. मी खुर्चीवर बसले. थोड्या वेळाने नरसव्वा मागच्या दारातून आली, हळूहळू चालत.

"बाई, उटंना."

"कोण?"

शाळेमागे पाण्याचे रांजण ठेवायची पडवी होती. तिथे तिने झोळी बांधली होती. सायलूचे ओठ निळसर झाले होते. श्वास होता, पण पुढचा येईल की नाही असा. मी त्याला उचलले तर मान मागे पडली.

"गोळी दिलीस?"

"एकच," ती म्हणाली. "एकच दिली, बाई. आईची आन. वरडला असता तर तुमाला साहेब बोलला असता."

मोठ्या बाई धावत आल्या. त्यांनी एक शब्द वाया घालवला नाही. नाक्यावर टांगा लागलेला होता तो बोलावला, मला आत ढकलले, स्वतः पुढे बसल्या. "सरकारी दवाखाना. पळव." मला म्हणाल्या, "झोपू देऊ नका. हाक मारा. मोठ्याने."

मी सायलूच्या तळव्यांवर चापट्या मारत होते आणि ओरडत होते. सायलू, अरे सायलू, ऊठ. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हते. नवी पेठेतून टांगा जाताना लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. आमच्या दुकानाच्या पायरीवर भाऊ उभा होता. त्याने मला ओळखले नाही, असे तो नंतर म्हणाला.

दवाखान्यात डॉक्टरांनी नळी घालून पोट धुतले. काळा चहा पाजला. बाळाला उभे धरून फिरवत राहायला सांगितले. मी आणि मोठ्या बाई आळीपाळीने फिरवत होतो. गिरणी सुटल्यावर पोचम्मा आली, तिला कुणीतरी सांगितले होते. नरसव्वा भिंतीशी उभी होती. मला वाटले आता ही तिला मारणार. पण पोचम्मा मटकन खाली बसली.

"मीबी दिल्ती," ती म्हणाली. "भोंग्याच्या आदी. म्हनलं आज साहेब हाय, पोरीला निवांत उबं ऱ्हाऊ द्यावं. तिला सांगायचं ऱ्हायलं."

आईने दिली होती आणि पोरीनेही दिली होती. दोघींनी एकमेकींना न सांगता. कितीतरी महिन्यांत त्याच्या पोटात गोळी गेली नव्हती, ती सवयही मोडली होती. डॉक्टर खूप बोलले. पोचम्मा ऐकत होती, पण बघत होती सायलूच्या तोंडाकडे.

दिवेलागणीला तो रडला. आधी मांजराच्या पिलासारखा, मग चांगला मोठ्याने. इतक्या पोरांचे रडणे मी ऐकले आहे, थांबवले आहे. ते थांबू नये असे मला त्या एकदाच वाटले.

निकाल आला. नरसव्वा पहिलीत गेली होती. वर्गाला उत्तम शिस्त असा शेराही होता. तो मोठ्या बाईंनी मला वाचून दाखवला नाही, कागद पुढे सरकवला आणि बाहेर गेल्या. नरसव्वा शाळेत आली नाही. चार दिवस वाट बघितली. मग मी तिच्या घरी जायचे ठरवले. परक्या वस्तीत, परक्या घरी मी एकटी कधी गेले नव्हते. काय बोलायचे ते मी वाटेभर मनाशी म्हणत होते: उद्यापासून ये, सायलूला घेऊन ये, मोठ्या बाईंना मी सांगते, वर्गाचे काय व्हायचे ते होवो.

ती उंबऱ्यात बसली होती. शेजारी सुपात विडीची पाने, कापून रचलेली. सायलू मांडीवर, जागा. हडकला होता, पण तिचे नाक ओढत होता.

"पास झालीस," मी उभ्या उभ्याच म्हटले. "पहिलीत घातलं तुला."

ती त्याच्या कानाशी तेलगूत काहीतरी बोलली. तो हसला. तिला हसू आले नाही.

मग मी पाठ केलेले सगळे बोलून दाखवले. मधे अडखळले, पण पुरे केले.

"मोट्या बाई काय न्हाय म्हनत," नरसव्वा म्हणाली. "परवा आल्त्या त्या. म्हनल्या, घेऊन ये त्याला, कोन काय म्हनतंय बगते."

मला हे ठाऊक नव्हते. "आणि आई?"

"आईबी जा म्हनती."

"मग काय अडलं गं?"

ती पाने सारखी करू लागली. एका हाताने, दुसरा सायलूच्या पाठीवर.

"मी न्हाय येनार, बाई."

मी तिच्यापुढे खाली बसले. तिने रचलेली पाने सुपात बाजूला सारली. मग अगदी हळू म्हणाली, मी वर्गात बोलते तशी, की मला पुढे सरकावे लागले.

"साहेब इचारत हुता ना, तवा मी ह्याला इसरले हुते. पार इसरले. मला लई बरं वाटत हुतं."

मी सायलूला घ्यायला दोन्ही हात पुढे केले. तो यायला झेपावलाही.

तिने दिला नाही.